चित्र मुलाचं, मुखपृष्ठ कोणाचं?

शाळांच्या वार्षिक अंकांचा गठ्ठा समोर घेऊन बसलं, की आतलं अक्षरही वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात येते. शाळा वेगळ्या, गावं वेगळी, माध्यमं वेगळी, पण मुखपृष्ठं मात्र एकाच घरातली वाटावीत अशी. उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारी पांढरी कबुतरं. दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी. मशाल. उगवत्या सूर्याकडे निघालेलं रॉकेट, आणि त्या रॉकेटच्या टोकाला पेनाचं निब. आतल्या पहिल्या पानावर बारीक टायपात ‘मुखपृष्ठ’ असं लिहून पुढे आठवी-नववीतल्या कुणाचं तरी नाव असतं. ते वाचून पालक कौतुकानं मान हलवतात, आणि अंक विद्यार्थ्यांनी केला असं सगळे धरून चालतात. पण त्या नावाच्या मुलानं किंवा मुलीनं नेमकं काय केलेलं असतं? फळ्यावर सूचना लागलेली असते: मुखपृष्ठ स्पर्धा, विषय ‘पर्यावरण संवर्धन’, शनिवारपर्यंत चित्रं द्यावीत. गठ्ठाभर चित्रं येतात, शिक्षकखोलीत चहाच्या वेळात त्यातलं एक निवडलं जातं आणि ते डीटीपीवाल्याकडे जातं. तो आडवं चित्र उभ्या पानात बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी छाटतो, मोकळ्या आभाळात शाळेचं बोधचिन्ह टाकतो, अंकाचं नाव लाल अक्षरांत, पिवळ्या कडेनं आणि काळ्या सावलीनं उठवतो, तळाला पत्ता आणि वर्षाची पट्टी देतो. ज्याचं चित्र, तो हे सगळं पहिल्यांदा पाहतो अंकवाटपाच्या दिवशी, इतर सगळ्यांबरोबर.

मुलाकडून इथे चित्र घेतलं गेलं. निर्णय एकही घेतला गेला नाही. विद्यार्थ्यांनी केलेलं मुखपृष्ठ हवं असेल, तर त्यांच्याकडून चित्र मागण्याआधी त्यांच्या हाती निर्णय सोपवावे लागतील, असं माझं म्हणणं आहे. कारण मुखपृष्ठ ही चित्राहून निराळी वस्तू आहे. चित्र चौकटीत स्वतःपुरतं राहू शकतं. मुखपृष्ठाला आतल्या शंभर पानांचं काही देणं लागतं. अंकाचं नाव कुठे, किती मोठं; चित्र हवं की नुसती अक्षरं पुरेत; मोकळी जागा किती ठेवायची; मागच्या पानाचं काय; आणि सगळ्यात अवघड म्हणजे काय गाळायचं, हे ठरवण्यातूनच ते होतं. मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रं घराघरांत पोहोचली ती मासिकांच्या आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून. दलालांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक स्वतःच काढायला घेतलं, म्हणजे चित्रकार आणि संपादक एकाच खुर्चीवर बसले. वसंत सरवटे यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावानं लिहीत. त्या माणसाला चेहरा नव्हता, तो सरवट्यांनी दिला, हातात भलामोठा घण घेतलेला. हा काही कुणाचा फोटो पाहून काढलेला नव्हता. मजकूर वाचून, तो कोणत्या स्वभावाचा आहे हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. शाळेच्या स्पर्धेत चित्र काढणाऱ्या मुलाला अंकातला एकही लेख वाचायला मिळालेला नसतो. मग त्याच्या चित्राचा आतल्या मजकुराशी संबंध लागणार कसा?

निर्णय म्हणजे काय, हे अक्षरांपासून पाहू, कारण शाळांमध्ये सर्वांत दुर्लक्षित तीच. समजा, अंकाचं नाव ‘किलबिल’ आहे. चार अक्षरं, त्यांत दोन ऱ्हस्व वेलांट्या आणि दोन ‘ल’. मूल उत्साहानं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नाव लिहितं आणि मग कळतं, की वेलांटीचा घुमट शिरोरेषेच्या वर जातो आणि त्याला वर जागाच उरलेली नाही. नाव खाली आणावं, अक्षरं लहान करावीत की वेलांटी चपटी करावी? पहिल्या वेलांटीखाली ‘क’ आहे, म्हणजे दांडी मधोमध आणि अक्षर ऐसपैस. दुसरीखाली ‘ब’ आहे, त्याची दांडी उजवीकडे. वेलांटीचं टोक आपापल्या अक्षराच्या दांडीशी येऊन टेकलं, तर डोळ्याला बरं वाटतं. म्हणजे दोन घुमटांची लांबी सारखी ठेवून भागत नाही. संगणकावरच्या बऱ्याच फॉन्टांत वेलांटी एकाच मापाची असते, म्हणून ती कुठे दांडीच्या अलीकडेच अडखळते, कुठे पलीकडे निघून जाते. आणि ‘ल’ कोणता? आपल्या राज्याच्या २००९च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितला. फॉन्ट मात्र न विचारता अनेकदा हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ पुढे करतो, आणि तो मराठी शाळेच्या मराठी अंकाच्या कपाळावर तसाच छापला जातो. एवढ्या चार अक्षरांत हे सगळं दडलेलं असतं, आणि हे हातानं लिहून पाहिल्याशिवाय दिसत नाही. संगणकावर रोज दिसणारा ‘मंगल’ फॉन्ट ज्यांच्या हातचा, ते र. कृ. जोशी किंवा मराठी नाटकांच्या शेकडो जाहिरातींत नाटकाच्या नावालाच चेहरा देणारे कमल शेडगे, यांनी अक्षराकडे चित्र म्हणून पाहायला मराठी माणसाला शिकवलं. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्येही अक्षरलेखन आणि संकल्पचित्र हे विषय आहेत. हजारो मुलं त्यांचा सराव करतात, दहावीला वाढीव गुणही मिळवतात. ज्या एका जागी त्या अक्षरलेखनाचा खरोखर उपयोग होईल, तिथे मात्र आपण डीटीपीवाल्याला बोलावतो.

छापखान्याचे नियम हाही असाच शिकण्याचा ऐवज. मुखपृष्ठ म्हणजे एक पान नसतं, मधोमध दुमडलेला एक मोठा कागद असतो. दर्शनी बाजू, तिची आतली बाजू, मलपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ अशी त्याची चार पानं. अंक मध्ये पिना मारून बांधायचा असेल तर आतली पानं चारच्या पटीत हवीत. जाड अंक चिकटवून बांधायचा असेल तर कण्याची जाडी आधी मोजायला हवी, नाहीतर चित्रातल्या मुलीचं नाक घडीवर येतं. छापून झाल्यावर कागद कडेनं कापला जातो, म्हणून रंग कापरेषेच्या बाहेर तीनेक मिलिमीटर न्यावा लागतो आणि अक्षरं तिच्यापासून बऱ्यापैकी आत ठेवावी लागतात. स्केचपेनाचा तो झगझगीत गुलाबी रंग मुलांचा लाडका, पण छापखान्यात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया एकमेकींवर चढतात, आणि त्यांतून तो झगझगाट कधीच उतरत नाही. हाती येतो तो विटका गुलाबी. कागदावर छान दिसणारी पेन्सिलीची हलकी छटा स्कॅन होताना अर्धी उडून जाते. या अडचणी मोठ्यांनी परस्पर निस्तरल्या की मुलांपर्यंत पोहोचतच नाहीत. मुलांपर्यंत पोहोचल्या तर त्या भूमितीच्या तासाला न मिळणारी भूमिती शिकवतात. वीस पानांचा गुणाकार, तीन मिलिमीटरची जागा, दोन रंगांत भागवायचं की चार रंगांचा खर्च करायचा याचा हिशेब, यांत गणित आहे, पैसा आहे आणि भांडणही आहे. रंगीत कागदावर नुसत्या काळ्या शाईत छापलेलं मुखपृष्ठ चार रंगांपेक्षा स्वस्त पडतं, आणि बहुधा देखणंही होतं. पैसे कमी आहेत म्हणून मुखपृष्ठ फिकं झालं, ही तक्रार मला फारशी पटत नाही.

मुलांच्या हाती छपाई देण्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला सेलेस्तँ फ्रेने हा फ्रेंच शिक्षक दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या गावी शिकवत होता. फार वेळ बोलून शिकवणं त्याला झेपत नसे. १९२४ साली त्यानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचे मजकूर लिहीत, त्यातला कोणता छापायचा हे ठरवत, खिळे जुळवत, लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा घेत, आणि दुसऱ्या गावच्या शाळेला ती पानं टपालानं पाठवत. लिनोवर कोरताना बारीकसारीक तपशील टिकत नाहीत. काळं आणि पांढरं, ठेवायचं आणि काढायचं, एवढंच हाती उरतं. मुलांच्या त्या जुन्या ठशांमध्ये जोर दिसतो, त्याचं अर्धं श्रेय या अडचणीला द्यायला हवं. आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं. खरं तर ते दैनिक गुरुजींच्या हातचं होतं, मुलांच्या नव्हे, म्हणून फ्रेनेच्या पंगतीत ते थेट बसवता येणार नाही. पण शाळेच्या भिंतींच्या आत रोजचं लिखाण आणि त्याचे रोजचे वाचक असू शकतात, ही कल्पना तिथे होती. पुढे शाळाशाळांतून हस्तलिखितांची जी परंपरा टिकली, तिच्यात मुखपृष्ठाला एक सुख होतं: प्रत एकच, त्यामुळे मधे कुणी छाटणारा नव्हता. मुलांनी चिकटवलेला पिंपळाच्या पानाचा सांगाडा वाचकाच्या हाती येई तेव्हा तो पिंपळाच्या पानाचा सांगाडाच असे.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात वजनदार आक्षेप असा: निर्णय मुलांकडे दिले तर मुलं तरी वेगळं काय करणार? तीही कबुतरं आणि पृथ्वीच काढतील. हे खरं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि आभाळात व्ही-आकाराचे पक्षी, हे चित्र कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्गात दहा मिनिटांत मिळतं. ते डोंगर त्या मुलांनी कुठे पाहिलेले नसतात. लातूरच्या मुलाच्या चित्रातही असतात आणि कुर्ल्याच्या मुलाच्याही. पण हे साचे येतात कुठून? बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण नऊ-दहाव्या वर्षापासून मुलाला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावंसं वाटू लागतं आणि ते तसं दिसत नाही याचा सल लागतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच वयात पहिल्यांदा ऐकू येतं. वार्षिकाचं मुखपृष्ठ आपण मागतो ते नेमकं याच वयानंतरच्या मुलांकडे, आणि तेही स्पर्धा लावून, विषय देऊन, आठवड्याच्या मुदतीत. बक्षीस मिळवून देणारं सुरक्षित चित्र कोणतं, हे मुलांना मागच्या पाच अंकांवरून पाठ झालेलं असतं. साच्याची मागणी आपली असते. पुरवठा तेवढा मुलं करतात.

यावर ‘कल्पकता वापरा’ असं बजावून उपयोग नाही. प्रश्न बदलावा लागतो. ‘पर्यावरणावर चित्र काढा’ याऐवजी ‘या अंकातले सगळे लेख वाचा आणि ज्याच्याशिवाय आपली शाळा ओळखूच येणार नाही, अशी एक वस्तू सांगा’ असं म्हटलं, की मशाल आपोआप गळते, कारण मशाल कुठल्याच शाळेत नसते. उरतं ते वर्गाबाहेरच्या चपलांचं कडबोळं, खिचडीचं काळं पडलेलं पातेलं, गळक्या नळाखालची हिरवी शेवाळाची रेघ, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. चपलांच्या त्या ढिगाकडे नीट पाहिलं तर त्यात मापं आहेत, तुटलेले अंगठे आहेत, थोरल्याच्या पायातून धाकट्याच्या पायात आलेली जोडी आहे. ते चित्र ‘छान’ काढता न येणारं मूलही चपलांचे ठसे कागदावर उमटवू शकतं, फोटो काढू शकतं, रद्दीच्या कागदातून आकार कापू शकतं. लोवेनफेल्डनी दाखवलेल्या त्या अडनिड्या वयात हातातून सुटलेली मुलं अशा कामात परत येतात, कारण इथे खऱ्यासारखं चित्र काढण्याची अटच नाही. वारली चित्रांबद्दलही इथेच बोलायला हवं. डहाणू-जव्हारकडच्या पाड्यावरच्या मुलीनं घरच्या लग्नातल्या चौकाची आठवण मुखपृष्ठावर आणली, तर ती तिची गोष्ट आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती परंपरा जगापुढे नेली. पण शहरातल्या शाळेनं नुसती किनार भरायला पांढरी नाचती माणसं ओळीनं उभी केली, की तीही कबुतरांच्याच रांगेत जाऊन बसतात.

दुसरा आक्षेप शाळेच्या अब्रूचा. अंक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, देणगीदारांकडे जातो. ओबडधोबड मुखपृष्ठ बघून लोक काय म्हणतील? अंकात संस्थाचालकांचे फोटो असतात, मुख्याध्यापकांचं मनोगत असतं, निकालाचे तक्ते असतात. शाळेची अब्रू सांभाळायला एवढी पानं पुरेशी आहेत. शिवाय आजची मुखपृष्ठं फार सफाईदार असतात, असाही काही अनुभव नाही. इंटरनेटवरून उचललेलं चित्र मोठं करून छापल्यावर त्याचे चौकोनी ठिपके दिसतातच की. शिक्षकांना नकाराधिकार हवा, हे मात्र मान्य. नावात शुद्धलेखनाची चूक, एखाद्या मुलाची किंवा जातीची टिंगल, कुणाचं चित्र चोरलेलं, हे थांबवायलाच हवं. फक्त त्या नकाराचं कारण मुलांसमोर सांगावं आणि कुंचला पुन्हा त्यांच्याच हाती द्यावा. ‘जरा नीटनेटकं करून देतो’ म्हणत सरांनी स्वतः रंग लावायला घेतले, की मुखपृष्ठ सरांचं होतं, नाव काही लिहिलं तरी.

एकाच मुलाला संधी मिळते, बाकीच्यांचं काय, हा प्रश्न स्पर्धेला लागू आहे, मंडळाला नाही. पाच-सात मुलांचं मुखपृष्ठ मंडळ नेमलं तर त्यात अक्षरं लिहिणारं एक, मोजमाप घेणारं एक, छापखान्यात जाऊन भाव विचारणारं एक, आणि ‘हे कळत नाही’ असं तोंडावर सांगणारं एक अशी सगळ्यांची सोय होते. चित्रकला शिक्षक नाही ही खेड्यातल्या शाळेची अडचण खरी आहे. पण पट्टी, जुने अंक आणि जवळच्या छापखान्यातला माणूस एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं.

संगणकाचा मुद्दा थोडक्यात. कॅनव्हासारख्या साधनांत तयार साचे मिळतात आणि आता एका वाक्यावर चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रंही आहेत. ही यंत्रं आधी काढल्या गेलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेली असतात. म्हणून त्यांना ‘शाळेच्या मासिकाचं मुखपृष्ठ’ एवढंच सांगितलं, तर बहुधा ते उघडं पुस्तकच पुन्हा समोर येतं, फक्त अधिक गुळगुळीत. मुलांनी संगणक वापरू नये असं नाही. काय हवं हे कागदावर ठरल्यानंतर वापरावा, आणि अंकाचं नाव तेवढं हातानं लिहावं.

राहता राहिला नावाचा प्रश्न, आणि तो कायद्याचाही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला हक्कदार ते काढणारा असतो. नोकरीत केलेल्या कामाला अपवाद आहे, पण विद्यार्थी शाळेचा नोकर नसतो. याच कायद्यानं चित्रकाराला ते आपलं असल्याचं सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क दिलेला आहे. बालहक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२ साली मान्यतेची मोहर उमटवली. आपल्याविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क त्यात नोंदलेला आहे. डीटीपीवाल्यानं आडवं चित्र छाटण्याआधी ज्याचं चित्र त्याला विचारावं, ही अपेक्षा त्यामुळे लाडाकोडाची उरत नाही. श्रेयाच्या ओळीत चित्र कोणाचं, अक्षरं कोणाची, मांडणी कोणाची हे वेगवेगळं छापावं, आणि डीटीपीवाल्याचंही नाव घालावं. त्याचंही काम असतंच.

एवढ्यासाठी वेळ लागतो, आणि शाळा नेमकी तिथेच अडते. लेख दिवाळीनंतर गोळा होतात, स्नेहसंमेलन होतं, आणि मुखपृष्ठ छापखान्याच्या दारात उरकलं जातं. अंक फेब्रुवारीत काढायचा असेल, तर मुखपृष्ठ मंडळाची पहिली बैठक गणपतीच्या सुट्टीआधी घ्या.